बोटीच्या ट्रेलरचं बेअरिंग पुन्हा पुन्हा जातंय? या क्रमाने तपासा

"वर्षात तिसऱ्यांदा तेच बेअरिंग, तेच चाक," असं सांगत माणसं माझ्याकडे येतात. नवी मुंबईत रबाळ्याला माझी छोटी शेड आहे. दिवाळे, सारसोळे, ऐरोली इथल्या फायबरच्या होड्या, घोडबंदर पट्ट्यातल्या गळाने मासे धरणाऱ्यांच्या चौदा-सोळा फुटी बोटी, खाडीत मोजणीला जाणाऱ्यांचे ट्रेलर, असं काम येतं. इतक्या वर्षांत हब (चाकाच्या मधला, बेअरिंग बसतं तो भाग) उघडून उघडून एक गोष्ट पक्की झाली आहे. परत आलेल्या ट्रेलरमध्ये बेअरिंग बहुतेक वेळा चांगल्या प्रतीचंच असतं. बिघाडाचं कारण मात्र आधीच्या दुरुस्तीत हबमध्येच राहिलेलं असतं आणि नवं बेअरिंग त्याच्याच तोंडी दिलेलं असतं.

ट्रेलरवाल्यांनी घरच्या घरी किती तपासावं आणि कुठे हात थांबवावा, हे खाली लिहितो आहे.

लक्षणं

सगळ्यात आधी दिसणारं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारं लक्षण म्हणजे रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस. ट्रेलरखाली वाकून बघितल्याशिवाय ते दिसत नाही. टायरच्या आतल्या भिंतीवर काळपट, चिकट शिंतोडे असतील तर मागचं ऑइल सील गेलं आहे. ज्या वाटेने ग्रीस बाहेर आलं, त्याच वाटेने पाणी आत जाणार.

दुसरं, प्रवासानंतर एका बाजूचा हब दुसरीपेक्षा जास्त गरम लागणं.

तिसरं, आवाज. गाडीची काच बंद, एसी चालू, मागे ट्रेलर, अशा वेळी काहीच ऐकू येत नाही. ऐरोली पुलावर कठड्यालगतच्या लेनमधून जाताना काच खाली करा. कठड्यावर आपटून परत येणारा आवाज स्वच्छ ऐकू येतो. टायरचा आवाज सलग सूं असा असतो. बिघडलेल्या बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते-उतरते आणि वळणावर, एका चाकावर भार आला की, बदलते.

डस्ट कॅपच्या (हबच्या बाहेरच्या तोंडावरच्या झाकणाच्या) कडेने खाली उतरलेला तांबूस ओघळ, टायर एकाच कडेने झिजणं, पावसाळाभर उभा राहिलेला ट्रेलर पहिल्यांदा हलवताना चाकातून येणारी करकर, ही बाकीची लक्षणं.

जळका वास, हबमधून धूर किंवा मागून बघताना चाक तिरकं दिसणं, ही वेगळी पायरी आहे. तिथे खालचं काही करू नका, तडक "कुठे थांबायचं" हा भाग वाचा.

बोटीच्या ट्रेलरलाच हे का होतं

सामानाचा ट्रेलर वर्षानुवर्षं त्याच बेअरिंगवर चालतो आणि बोटीचा हंगामभरही टिकत नाही. भार जवळपास तोच, रस्ताही तोच. फरक फक्त धक्क्यावरच्या उताराचा.

समजा, तुम्ही ठाण्याहून निघून ठाणे-बेलापूर रस्त्याने दिवाळ्याच्या धक्क्यावर पोचलात. बारा इंची चाक ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला सहाशेच्या आसपास फेरे घेतं. हब तापलेला असतो, त्याच्या आतली हवाही तापलेली असते. त्यात भरती निघून चालली, म्हणून घाईघाईत तसाच ट्रेलर पाण्यात लोटला जातो. ७० अंशांवरची हवा ३० अंशांवर आली की ती सुमारे आठव्या भागाने आकसते. हब घट्ट बंद असेल तर आत साधारण ०.१२ बार इतकी पोकळी तयार होते. अर्धा मीटर खोल पाण्याचा दाब असतो ०.०५ बार. म्हणजे पाणी आत ढकलायला खोलीपेक्षा दुपटीहून जास्त जोर हब थंड होण्याचा असतो. सीलची ओठासारखी कड ग्रीस आत धरून ठेवण्यासाठी घडवलेली असते. बाहेरून आत ओढलं जाणारं पाणी अडवणं तिला जड जातं.

आत जातं ते खाडीचं पाणी. उन्हाळ्यात ते जवळपास समुद्राइतकं खारट असतं आणि त्यात आपल्या खाडीचा बारीक गाळ मिसळलेला असतो. बोटांत चोळला तर साबणासारखा मऊ लागतो, पण रोलरखाली तोच पॉलिश पेपरचं काम करतो.

घरी आल्यावर ट्रेलर उभा राहतो. खारं पाणी हबच्या तळाशी साचतं, जो रोलर खाली आला असेल तिथे ग्रीसची फिल्म तुटते आणि गंज धरतो. हब उघडला की कपवर (हबमध्ये बसलेल्या, रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कडीवर) रोलरच्या अंतराएवढ्या अंतरावर काळ्या आडव्या रेघा दिसतात. पुढच्या सहलीत रोलर त्या रेघांवरून आपटत फिरतो, पृष्ठभागाचे टवके निघतात आणि मग रस्त्यात बेअरिंग जाम होतं. लोक म्हणतात, खड्ड्याने गेलं. खड्डा निमित्त असतो, बेअरिंग त्याच्या कितीतरी आधी, उभं असताना गेलेलं असतं.

भांगाच्या दिवसांत त्रास अजून वाढतो. उधाणाला पाणी उतारावर बरंच वर येतं, त्यामुळे ट्रेलर थोडाच खाली न्यावा लागतो. भांगाची भरती तेवढी चढत नाही. मग ट्रेलर उताराच्या टोकापर्यंत, शेवाळ आणि चिखलात न्यावा लागतो आणि हब आसापर्यंत गाळात रुततो. अष्टमीच्या आसपास बोट उतरवायची असेल तर त्या दिवसानंतरची धुलाई दुप्पट नीट करा.

पहिली तपासणी: हात आणि डोळे

याला काही खर्च नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालवून ट्रेलर सुरक्षित जागी थांबवा आणि हबवर हात ठेवा. सुरुवात पालथ्या हाताने, लांबूनच करा. फार गरम असेल तर चटका बसायच्या आत कळतं. पाच सेकंद हात ठेवता आला तर ठीक. मे महिन्यात हब कोमट लागणारच, म्हणून एकट्या हबवरून काही ठरवू नका. डावा आणि उजवा हब ताडून बघा. दोन्ही सारखे कोमट असतील तर चालेल. एक कोमट आणि दुसऱ्यावर हात टिकत नाही, तर त्या बाजूला नक्की काहीतरी आहे. लेझरचा तापमापक असेल तर हब ६५-७० अंशांच्या पुढे गेल्यावर मी ट्रेलर पुढे नेत नाही.

दोन्ही हब सारखेच खूप गरम असतील तर आधी टायरमधली हवा आणि बोटीतलं सामान बघा. हवा कमी असली की टायर तापतो आणि ती उष्णता हबपर्यंत येते. बोटीत भरलेल्या इंधनाच्या टाक्या, बर्फाचे खोके, नांगर-साखळी हे सगळं त्या दोन चाकांवरच येतं. ब्रेकचा ट्रेलर असेल तर ब्रेकचे शू गंजून ड्रमला चिकटलेत का तेही पाहा. तसं असेल तर हब ब्रेकमुळे तापतो आणि बिचाऱ्या बेअरिंगवर आळ येतो.

व्हील नट पान्याने एकदा तपासा. सैल नटमुळे डुलणारं चाक बेअरिंगचा खेळ समजून अख्खा हब उघडलेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरी तपासणी: जॅकवर चाक फिरवणं

ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, गाडीचा हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. जॅक एक्सलखाली लावा आणि चाक उचलल्यावर स्टँड किंवा लाकडी ठोकळा दिल्याशिवाय हात आत घालू नका. बोट वर असताना हे करत असाल तर दुप्पट काळजी घ्या. शक्यतो रिकाम्या ट्रेलरवरच करा.

आता एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसरा हात पाट्याच्या स्प्रिंगवर ठेवा. ही युक्ती माझ्या उस्तादांनी शिकवलेली. कानाला न ऐकू येणारी खरखर पाट्यातून हाताला कळते. चांगलं बेअरिंग फिरताना पाटा निर्जीव लागतो. बिघडलेलं असेल तर बोटांना वाळू चाळल्यासारखं जाणवतं.

मग चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. अगदी किंचित खेळ असायलाच हवा, कारण टेपर रोलर बेअरिंग पूर्ण आवळून चालत नाही. पण टक् असा आवाज येत असेल तर कोणाला तरी मागून बघायला सांगा. रिम आणि हबमध्ये फट उघडते की हब आणि एक्सलमध्ये? पहिलं असेल तर नट सैल. दुसरं असेल तर बेअरिंग सैल किंवा झिजलेलं. पाट्याचा बुश आणि यू-बोल्टही तेव्हाच बघून घ्या.

तिसरी तपासणी: डस्ट कॅप उघडून ग्रीसचा रंग

कॅप पेचकस घालून एकाच बाजूने उचकू नका, वाकली की परत घट्ट बसत नाही. भोवताली फिरत हळूहळू ठोका.

बोटावर ग्रीस घ्या आणि उजेडात बघा. जसं भरलं होतं त्याच रंगाचं, तुकतुकीत असेल तर उत्तम. चहात दूध घातल्यासारखं फिकट, फेसाळ झालं असेल तर पाणी मिसळलं आहे. तांबूस म्हणजे गंज सुरू झाला. काळं आणि जळक्या वासाचं म्हणजे हब कधीतरी फार तापला होता. दोन बोटांत चोळल्यावर चांदीच्या वर्खासारखी चमक दिसली तर ते बेअरिंगचं पोलाद आहे. तिथे नुसतं ग्रीस बदलण्यात अर्थ नाही.

इथे एक धोका आहे. बाहेरचं बेअरिंग कॅपमागेच असतं, म्हणून तिथलं ग्रीस चांगलं दिसतं. पाणी शिरतं मागच्या सीलमधून, म्हणजे आतल्या बेअरिंगच्या बाजूने. पुढचं ग्रीस बघून सगळं ठीक आहे असं ठरवू नका. लक्षणं असतील तर हब उतरवाच.

हबवर निपल आहे आणि दर महिन्याला ग्रीस गनने मारतो, असंही बरेच जण सांगतात. साध्या निपलमधून मारलेलं ग्रीस बहुतेक ट्रेलरमध्ये पुढच्याच पोकळीत राहतं, आतल्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही. आणि जोर लावून मारत राहिलात तर मागचं सील बाहेर ढकललं जातं. स्प्रिंगची चकती असलेला बेअरिंग प्रोटेक्टर असेल तर गोष्ट बरी. त्यात ग्रीसवर सतत थोडा दाब राहतो, म्हणून हब थंड झाला तरी पाणी सहज ओढलं जात नाही. पण त्यातही मोजून मारायचं. चकती दोन-तीन मिलिमीटर बाहेर आली आणि कडेला दाबल्यावर डुलली की थांबा.

चौथी तपासणी: नट किती आवळलाय

बरेच बेअरिंग निव्वळ चुकीच्या आवळण्याने जातात. नट अडवणारी स्प्लिट पिन काढा. चाक फिरवत फिरवत कॅसल नट (खाचा असलेला नट) चांगला आवळा, म्हणजे रोलर कपमध्ये नीट बसतात. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा. आता फक्त बोटांनी, पाना न वापरता, लागेल तितका आवळा. स्पिंडलचं (एक्सलच्या ज्या टोकावर हब फिरतो त्याचं) भोक आणि नटची खाच जुळत नसेल तर पुढची खाच सैल करण्याच्या बाजूची घ्या, आवळण्याच्या बाजूची कधीच नाही.

कारण असं की हब तापला की सगळं प्रसरण पावतं. आधीच घट्ट असलेल्या रोलरना जागा उरत नाही, घर्षण वाढतं, ताप अजून वाढतो, आणि हे चक्र बेअरिंग निळं पडेपर्यंत चालतं. किंचित सैल बेअरिंग बरेच दिवस काढतं. घट्ट बेअरिंग एका प्रवासात जाऊ शकतं.

स्प्लिट पिन दर वेळी नवी. जुनी सरळ करून पुन्हा वाकवलेली पिन तुटली की नट फिरत जातो आणि चाक हबसकट निघतं.

पाचवी तपासणी: हब उतरवून धुणं आणि बघणं

इथून खरं काम सुरू होतं. कॅप, पिन, नट, वॉशर काढून हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. डावं-उजवं, आतलं-बाहेरचं वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. वापरलेलं बेअरिंग ज्या कपमध्ये फिरलं त्याच कपमध्ये परत जायला हवं.

धुवायला डिझेल पुरतं. ब्रशने गाळ काढा, दुसऱ्या स्वच्छ डिझेलमध्ये बुडवा, फडक्यावर सुकू द्या. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवण्याचा मोह कटाक्षाने टाळा. सुकं बेअरिंग त्या वेगाला फुटून रोलर गोळीसारखा उडू शकतो.

धुतल्यावर उन्हात नेऊन प्रत्येक रोलर बघा. आडव्या काळ्या रेघा, खवल्यासारखे खड्डे, निळसर किंवा तपकिरी झाक, रोलर धरणारा पिंजरा वाकलेला, यांतलं एकही दिसलं तर बेअरिंग बाद. रोलर चकचकीत पण कपवर रेघा, तरी दोन्ही बाद. कप आणि कोन (रोलर बसवलेला आतला भाग) नेहमी जोडीनेच बदलायचे. कप ठोकून काढायचा कंटाळा म्हणून नवा कोन जुन्या कपमध्ये बसवला, तर नव्याचं आयुष्यही जुन्याइतकंच उरतं.

नवीन घेताना जुना तुकडा धुऊन, त्यावरचा नंबर वाचून दुकानात न्या. आपल्याकडे जोडलेल्या ट्रेलरमध्ये ३०२०५, ३०२०६, ३०२०७ असे मिमीचे नंबर मला बरेचदा दिसतात. त्यांची भोकं अनुक्रमे २५, ३० आणि ३५ मिमी. बाहेरून आलेल्या ट्रेलरमध्ये बहुधा इंची माप असतं, नंबर बरेचदा एल अक्षराने सुरू होतो. मिमीचं आणि इंचीचं बेअरिंग दिसायला भावंडांसारखं असतं, पण "बसतंय की" म्हणून चालवू नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला दोन्ही मिळतात. बनावट मालही फिरतो, म्हणून पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

ज्या खाचेने मला दोनदा फसवलं

दिवाळ्याच्या एका नाखव्याचा ट्रेलर माझ्याकडे वर्षभरात तीनदा आला. डावं चाक, आतलं बेअरिंग. पहिल्यांदा मी बेअरिंग आणि सील बदललं. चार महिन्यांनी पुन्हा तेच, दुधाळ ग्रीस, कपवर रेघा. वाटलं, माल खराब निघाला. महागाचं बेअरिंग घातलं. पावसाळ्यानंतर तो परत आला आणि हळूच म्हणाला, "मामा, उजव्याला काहीच होत नाही. डाव्यालाच का?"

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. बेअरिंग बाजूला ठेवून मी स्पिंडल रॉकेलने पुसून स्वच्छ केला आणि जिथे सीलचा ओठ टेकतो तिथून नख फिरवलं. नख अडकलं. डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी, केसाएवढी गोल खाच. सीलच्या ओठाखाली अडकलेल्या गाळाने वर्षानुवर्षं घासून ती पाडली होती. नवं सील बसवलं तरी त्याचा ओठ त्या खाचेवर नीट टेकत नव्हता आणि प्रत्येक बुडीला पाणी आत येत होतं. उजव्या स्पिंडलवरून नख सरळ घसरलं.

लेथवाल्याकडून त्या जागी स्टीलची पातळ बाही चढवून घेतली, तिच्या मापाचं सील घातलं. त्यानंतर त्या चाकाचं बेअरिंग मी बदललेलं नाही. आधीच्या दोन दुरुस्त्यांचे पैसे मी त्याला परत केले, कारण खाच पहिल्याच वेळी बघायला हवी होती.

म्हणून, वारंवार तेच चाक जात असेल तर नखाची ही तपासणी नवं बेअरिंग विकत घ्यायच्या आधी करा. नख अडकलं नाही, नुसता गंजाचा डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासा. लांबीच्या दिशेने घासू नका, त्या ओरखड्यांतून पाण्याला वाट मिळते.

सील आणि ग्रीस भरणं

जुनं सील काढलं की ते परत वापरायचं नाही, दिसायला कितीही चांगलं असलं तरी. बेअरिंगच्या मानाने ते फार स्वस्त आहे. दोन ओठांचं घ्या. बारीक स्प्रिंग असलेली बाजू हबच्या आत, ग्रीसकडे. लाकडी ठोकळा ठेवून सगळीकडून सारखं ठोकत बसवा आणि ओठाला आधी बोटभर ग्रीस लावा, नाहीतर पहिल्या काही फेऱ्यांतच तो कोरडा घासून जळतो.

नवा कप हबमध्ये ठोकताना जुना कप पालथा ठेवून त्यावर मारा. पितळी सळई असेल तर तीही चालेल. ठोक्याचा आवाज ऐकत राहा. कप तळाला टेकला की ठप् ठप् असा बोदा आवाज बदलून खणखणीत होतो.

ग्रीस कोणतं, यावर लोक फार वाद घालतात. दुकानात सहज मिळणारं लिथियमचं एपी-३ रस्त्यावर किंवा गोड्या पाण्यात ठीक आहे. खाडीत बुडणाऱ्या चाकाला मी पाण्यात टिकणारं कॅल्शियम सल्फोनेट किंवा मरीन प्रतीचं लिथियम कॉम्प्लेक्स वापरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन जातींची ग्रीसं एकत्र करू नका. काही जाती एकमेकींत मिसळल्या की पातळ होऊन गळून जातात. निळं, लाल, हिरवं हा फक्त रंग आहे, त्यावरून जात कळत नाही. आधी काय भरलं होतं हे माहीत नसेल तर सगळं धुऊन नव्याने भरा.

भरायची पद्धत हाताचीच. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत, खरडत ओढा. अरुंद बाजूने रोलरच्या मधून ग्रीसचे किडे बाहेर येईपर्यंत एका जागी दाबत राहा, मग थोडं फिरवून पुढची जागा. बाहेरून चोपडलेलं ग्रीस रोलरखाली कधीच जात नाही. नुसतं वरून लावलेलं बेअरिंग कोरडंच पळतं आणि उघडल्यावर भरपूर ग्रीस दिसल्यामुळे कोणाला खरं कारण कळत नाही.

दोन बेअरिंगच्या मधल्या पोकळीत किती भरायचं? कारचा हब अर्धवट रिकामा ठेवतात, म्हणजे ग्रीस घुसळून तापत नाही. बोटीच्या ट्रेलरला मी जवळपास पूर्ण भरतो, फक्त कॅपमध्ये थोडी जागा सोडतो. आत हवा जितकी कमी, तितकी आकसायला कमी आणि तितकं पाणी कमी ओढलं जातं. आपण ट्रेलर ताशी शंभरने पळवत नाही, त्यामुळे घुसळण्याचा त्रास नगण्य. दिवसभर महामार्गावर ओढणाऱ्याने मात्र थोडं कमी भरावं.

कुठे थांबायचं

रस्त्यात धूर, जळका वास किंवा तिरकं चाक दिसलं तर ट्रेलर आहे तिथेच, शक्य तितका कडेला घेऊन थांबवा. "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ" हा विचार सोडा. गायमुखच्या चढावर किंवा सायन-पनवेल महामार्गावर सुटलेलं चाक मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जातं. दिवे लावा, माणसांना रस्त्यापासून लांब उभं करा, फ्लॅटबेड गाडी बोलवा. तापलेल्या हबवर पाणी ओतू नका. त्याने वाफेचा चटका बसतो, लालभडक पोलाद तडकू शकतं आणि उरलेल्या सीलमधून पाणी आत जातं.

घरी उघडल्यावर पुढचं काही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि लेथवाल्याकडे किंवा एक्सलचं काम करणाऱ्याकडे जा. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथे असे कारागीर सापडतात.

स्पिंडलवर निळा पट्टा किंवा कोनाची आतली कड फिरल्याचे गोल ओरखडे. याचा अर्थ पोलादाचा कस गेलेला असू शकतो. वेल्डिंगने भर घालून वर लेथ मारून देतो असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. वेल्डिंगच्या कडेला स्पिंडल तडकतो आणि तुटतो तेव्हा आधी काही सांगत नाही. स्पिंडल किंवा अख्खा एक्सल बदलायचा.

नवा कप हबमध्ये हाताने, न ठोकता बसला, तर हबचं भोक मोठं झालंय. पत्र्याची पट्टी घालून घट्ट करणं हा उपाय नव्हे. हब बदला.

दोन्ही टायर आतल्या कडेने झिजत असतील तर एक्सल वाकला असू शकतो. टायरच्या मधोमध खडूची खूण करून दोन टायरमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा, फरक असेल तर एक्सल गॅसने तापवून सरळ करायला देऊ नका.

आणि ब्रेकचा ट्रेलर असेल, ब्रेकची ओढ दोन्ही बाजूंना सारखी येत नसेल, तर ते काम ब्रेकच्या माणसाचं.

परत येऊ नये म्हणून

धक्क्यावर पोचल्यावर चहा घ्या, बोटीचे पट्टे सोडा, इंजिन तपासा, लाइफ जॅकेट हाताशी काढून ठेवा. वीस-तीस मिनिटांत हब हाताला थंड लागतो. तेवढी भरती थांबते. उतारावर ट्रेलर लागेल तेवढाच बुडवा, हब कोरडे राहतील अशी जागा मिळाली तर अतिउत्तम.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने हब आणि पाटे धुवा. साधा पाइप पुरे. प्रेशर वॉशरची धार सीलवर मारलीत तर खाडीने जे केलं नाही ते तुम्ही कराल.

मेच्या शेवटी, पावसाआधी, हब उघडून ग्रीस बदला. बहुतेक लोक नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात धावत येतात. तोपर्यंत खारं पाणी दोन महिने आत बसून त्याने आपलं काम केलेलं असतं. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात ट्रेलर उभा ठेवताना चाकं जमिनीवरून थोडी उचला आणि दर आठ-दहा दिवसांनी हाताने चार-पाच फेरे द्या, म्हणजे एकच रोलर सतत खाली राहणार नाही.

एक जादा हब मी प्रत्येकाला बांधून देतो. आत बेअरिंग, सील, ग्रीस, सगळं तयार, वर प्लास्टिकची पिशवी, सोबत नवी स्प्लिट पिन आणि पाना. रस्त्यात स्पिंडल शाबूत असेल तर अर्ध्या तासात चाक पुन्हा उभं राहतं. स्पिंडलवर निळेपणा दिसला तर मात्र तो हब पिशवीतच ठेवा आणि फ्लॅटबेडची वाट बघा.

डस्ट कॅपच्या आतल्या बाजूला ग्रीस भरल्याची तारीख, ग्रीसची जात आणि बेअरिंगचा नंबर मार्करने लिहा. पुढच्या वेळी उघडणारा कोणीही असो, त्याला पहिल्या मिनिटात अर्धी माहिती मिळते.